डाउनटन ॲबी पहिल्यांदा बघताय? आधी आपला माणूस शोधा

माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी डाउनटन ॲबी ही इंग्लिश टीव्ही सिरीज दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या एपिसोडला सोडून दिली आणि कारण विचारलं की सगळ्यांचं एकच, अगं माणसं किती ती, कोण कोणाचं कोण तेच कळत नाही. खरंय ते. वरच्या मजल्यावर क्रॉली कुटुंब, खाली तळघरात नोकरमाणसं, गावात डॉक्टर, आणि पहिल्याच एपिसोडमध्ये दोन माणसं अशी मरतात की जी आपल्याला पडद्यावर दिसलेली पण नसतात, आणि सगळी गोष्ट त्यांच्यावर उभी. अशा वेळी गोष्ट पकडायला गेलं की हातातून सुटते. माणूस पकडायचा. एकदा आपला माणूस सापडला ना, की बाकीचे सगळे त्याच्या नात्याने आपोआप लक्षात राहतात, जसं लग्नघरात आपण एकाच मावशीला ओळखत असतो आणि तिच्या मागे मागे फिरून संध्याकाळपर्यंत अख्खा मांडव ओळखीचा होतो.

मी ही सिरीज तीनदा पूर्ण बघितली, सहा सीझन, ५२ एपिसोड, आणि तिसऱ्यांदा बघितली ती सासूबाईंबरोबर. त्यांना इंग्लिश बोललेलं फारसं कळत नाही, सबटायटल वाचेपर्यंत पुढचा सीन आलेला असतो, त्यामुळे मी पॉज करून सांगायचे. आणि खरं सांगते, कॅरेक्टर कसं बघायचं हे मी त्या तिसऱ्या वेळी शिकले, कारण शब्द कळत नसलेलं माणूस दुसरंच काहीतरी बघत असतं. त्यांनी कार्सनला, म्हणजे नोकरांच्या प्रमुखाला, बटलरला, पहिल्या दिवसापासून कारभारी म्हटलं आणि हाउसकीपर मिसेस ह्यूजला किल्लीवाली बाई, आणि दोन्ही बरोबर होतं. खाली जे लिहितेय ते सगळं त्या बघण्यातून आलेलं आहे. ह्या लेखाच्या पहिल्या भागात कोण मरतं, कोणाचं लग्न होतं असलं काही फोडणार नाही, शेवटी एक भाग सगळं बघून झालेल्यांसाठी आहे तिथे आधी सांगेन.

आधी थोडी जमीन पक्की करून घ्या. गोष्ट सुरू होते एप्रिल १९१२ ला, टायटॅनिक बुडाल्याची तार येते तिथून. त्या जहाजावर घराण्याचा वारस होता. लॉर्ड ग्रँथम म्हणजे रॉबर्ट, त्याला तीन मुली, मेरी, ईडिथ, सिबिल, मुलगा नाही, आणि इस्टेट अशी बांधून ठेवलेली की ती किताबाबरोबर पुरुष वारसालाच जाणार. बायको कोरा अमेरिकन, तिने लग्नात आणलेला पैसापण त्याच इस्टेटीत मिसळून गेलेला, तोही सुटा काढता येत नाही. मग वारस म्हणून येतो मॅथ्यू, मँचेस्टरचा वकील, लांबचा चुलतभाऊ, स्वतः काम करून पोट भरणारा. इथे सासूबाईंनी लगेच विचारलं, मग दत्तक का नाही घेतला? आणि हा प्रश्न एकदम मोलाचा आहे, कारण आपल्याकडे संस्थानांच्या इतिहासात दत्तकावरून काय काय झालं ते आपल्याला माहीत असतं. तर इंग्लंडमध्ये दत्तक घ्यायचा कायदाच मुळी १९२६ साली आला, आणि तोवर ही सिरीज संपते. शिवाय दत्तक मुलाला किताब मिळत नाहीच. एवढं कळलं की मेरी इतकी चिडलेली का आहे ते न सांगता कळतं.

जागा यॉर्कशायरमधली दाखवलीय पण तो वाडा हॅम्पशायरमधला हायक्लेअर कॅसल आहे, कार्नार्व्हन घराण्याचा. ज्या लॉर्ड कार्नार्व्हनने पैसे घातले म्हणून १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडली, त्याचंच हे घर. गाव म्हणजे ऑक्सफर्डशायरमधलं बॅम्प्टन. आणि खालचं स्वयंपाकघर, नोकरांचा हॉल वगैरे हे सगळं लंडनच्या ईलिंग स्टुडिओत बांधलेलं. म्हणजे एखादा नोकर ताट घेऊन जिना चढतो आणि वर दार उघडतो तेव्हा मधे कित्येक मैलांचं अंतर आहे, तरी आपल्याला तो एकाच घरात चालताना दिसतो. मला हे कळल्यावर त्या जिन्यावर जास्तच जीव जडला.

आता मुख्य गोष्ट. पहिला एपिसोड दोनदा बघा. पहिल्यांदा नेहमीसारखा, काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल. दुसऱ्यांदा फक्त हात बघा. कोणाचे हात काय करतायत एवढंच. एपिसोड सुरू होतो तेव्हा पहाटे डेझी उठते, ती सगळ्यात धाकटी, स्वयंपाकघरातली पोरगी, सगळ्या घरातल्या शेकोट्या पेटवायच्या आणि कोणाला दिसायचं नाही हे तिचं काम. मग पडदे, खिडक्या, मग वर्तमानपत्राला इस्त्री, हो, पेपरला इस्त्री, शाई सुकावी म्हणून. सासूबाईंना हे फार पटलं नाही, पण त्यांनी डेझीचे हात बरोबर पकडले. म्हणाल्या, ह्या पोरीच्या हाताला कायम काजळी आहे बघ. मी दोनदा सिरीज बघून मला ते दिसलं नव्हतं.

वरच्या लोकांचे हात बघितले तर ते बराच वेळ रिकामे असतात. पुस्तक, कप, हातमोजे. त्यामुळे वरच्यांपैकी कोणी जेव्हा हाताने काही करतं तेव्हा तो सीन महत्त्वाचा आहे असं समजायचं. सिबिल दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला खाली येऊन किटलीत पाणी भरायला, केक करायला शिकते कारण तिला नर्स व्हायचंय आणि तिला चहा करता येत नाही. ईडिथ शेतावर ट्रॅक्टर चालवते. मेरी एका रात्री डुकरांसाठी बादल्या वाहते, चिखलात माखते आणि मग स्वयंपाकघरात येऊन स्वतः अंडी करते, हे बरंच पुढे चौथ्या सीझनमध्ये आहे पण माझ्या मते मेरी तिथे पहिल्यांदा पूर्ण आवडते. तोवर ती आवडली नाही तरी धीर धरा.

दुसरी गोष्ट, एक वही घ्या. मोबाईलमध्ये नका लिहू, मोबाईल हातात आला की तुम्ही कॅरेक्टरचं नाव सर्च करणार आणि सर्चच्या खाली लगेच "कसा मरतो" असं सुचवलेलं येणार. माझ्या मैत्रिणीचं असंच झालं, एका चांगल्या माणसाबद्दल तिला दोन सीझन आधीच कळलं आणि मग त्याचा प्रत्येक हसरा सीन तिला बघवेना. सहा सीझन संपेपर्यंत कोणतंही नाव सर्च करायचं नाही.

वहीत काय लिहायचं? वंशावळ नको. कोण कोणाला काय हाक मारतं ते लिहा. ही माझी सगळ्यात लाडकी युक्ती आहे. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण, अरे, अहो, ह्यावरून एका वाक्यात कळतं कोण मोठं कोण लहान. इंग्लिशमध्ये सगळ्यांना एकच यू. मग मान कुठे जातो? नावात जातो. बटलरला घरचे लोक नुसतं कार्सन म्हणतात, नोकर मिस्टर कार्सन म्हणतात. हाउसकीपर आणि स्वयंपाकीण ह्यांना वरचे खालचे सगळे मिसेस म्हणतात, मिसेस ह्यूज, मिसेस पॅटमोर, आणि दोघींचंही लग्न झालेलं नाही, तो मिसेस कामाचा मान आहे, नवऱ्याचा नाही. साहेबांचे कपडे सांभाळणारा तो वॅले, म्हणजे बेट्स, तो खाली मिस्टर बेट्स. बाईसाहेबांची खास मेड ओब्रायन, ती वर ओब्रायन, खाली मिस ओब्रायन. टेबलावर वाढणारे फुटमन मात्र सगळ्यांसाठी थॉमस आणि विल्यम, नुसत्या पहिल्या नावाचे. ॲना हाउसमेड, म्हणून ॲना. डेझी तर डेझीच.

आता प्रत्येक वाक्य मनातल्या मनात मराठीत करून बघा. कार्सन थॉमसला अरे म्हणेल, मिसेस ह्यूजला अहो म्हणेल. थॉमस बेट्सला तोंडावर अहो म्हणेल आणि मागे अरे. असं करत गेलात की पहिल्याच आठवड्यात सगळी उतरंड डोक्यात बसते. आणि मग ज्या दिवशी एखाद्याची हाक बदलते, म्हणजे कालपर्यंत नुसतं नाव होतं आणि आज मिस्टर लागला, त्या दिवशी त्या माणसाच्या आयुष्यात काय झालंय ते तुम्हाला आतून कळतं. अशा बदलांची वहीत तारीख टाका. एपिसोडमधली, तुमची नाही. कारण दोन एपिसोडमध्ये कधी महिने जातात. पहिला सीझन १९१२ पासून थेट ऑगस्ट १९१४ ला युद्ध जाहीर होतं तिथपर्यंत, दुसरा युद्ध आणि स्पॅनिश फ्लूचा, तिसरा १९२० पासून. ज्याला वर्ष लक्षात राहत नाही त्याला वाटतं की हे लोक उगाच बदलतायत.

आता निवड. वरचा एक आणि खालचा एक, असे दोन माणसं निवडा. फक्त वरचे निवडलेत तर ती नुसती लग्नाची आणि इस्टेटीची मालिका होऊन बसेल, फक्त खालचे निवडलेत तर अर्ध्या दुःखांचं कारणच कळणार नाही कारण ते वर ठरलेलं असतं. आणि निवड पहिल्या सीझनमध्ये पक्की करू नका. पेन्सिलने लिहा.

सगळ्यांचा पहिला नंबर व्हायलेटवर जातो, म्हणजे रॉबर्टची आई, घरातली आजीबाई, डावेजर काउंटेस, मॅगी स्मिथ. २०२४ मध्ये त्या गेल्या तेव्हा जगभर ज्या क्लिप फिरल्या त्यात ह्याच सिरीजच्या किती होत्या. ह्या भूमिकेसाठी त्यांना तीन एमी पुरस्कार मिळाले, आणि "वीकेंड म्हणजे काय?" हा प्रश्न त्या ज्या निरागसपणे विचारतात तो ज्यांनी सिरीज बघितली नाही त्यांनाही माहीत असतो. पण माझं म्हणणं आहे की व्हायलेटला तिच्या वाक्यांवरून निवडू नका, वाक्यं तर तिला लिहूनच दिलेली आहेत सगळ्यात चांगली. तिला पहिल्या सीझनमधल्या फुलांच्या स्पर्धेत बघा. दरवर्षी गुलाबाचा कप तिलाच मिळतो कारण गावात कोणाची हिंमत नाही दुसऱ्याला द्यायची. त्या वर्षी मोझलीच्या, म्हणजे मॅथ्यूच्या नोकराच्या, वडलांचा गुलाब खरंच सुंदर आहे आणि सगळ्यांना ते माहीत आहे. ती बक्षिसाचा कागद उघडते, कागदावर तिचंच नाव आहे, आणि ती मोठ्याने त्या म्हाताऱ्या माळ्याचं नाव वाचते. कोणाला सांगत नाही. सासूबाईंना इथे मी काही सांगायच्या आधीच कळलं होतं. त्या नुसत्या म्हणाल्या, मोठी बाई आहे. मला वाटतं व्हायलेट आवडायची असेल तर ती इथून आवडावी, मग तिचे टोमणे पण वेगळे ऐकू येतात, त्यातला कुठला नुसता फटकारा आणि कुठला कोणाला तरी वाचवायला टाकलेला ते ओळखू येतं.

खालच्यांपैकी मिसेस ह्यूजबद्दल मी तासभर बोलू शकते. ती कधी मोठ्याने बोलत नाही त्यामुळे पहिल्या वेळी नजरेतून सुटते. कमरेला किल्ल्या, घरातलं सगळं सामान तिच्या ताब्यात, कोठीच्या किल्लीवरून मिसेस पॅटमोरशी तिची कायमची कुरबुर, कारण स्वयंपाक जिचा तिला कोठी उघडायला दुसरीला विचारावं लागतं. आमच्याकडे सासूबाई आणि त्यांच्या जाऊबाई ह्यांच्यात डब्यांच्या कपाटावरून असंच होतं म्हणे, त्यामुळे हा भाग आम्ही दोनदा बघितला. पण मिसेस ह्यूज निवडायची असेल तर पहिल्या सीझनचा चौथा एपिसोड नीट बघा. तिला पूर्वी मागणी घातलेला एक शेतकरी, आता बायको वारलेली, परत येतो, जत्रेला नेतो, परत लग्नाचं विचारतो. ती चांगला ड्रेस घालते, छान हसते, आणि नाही म्हणते. माणूस वाईट आहे म्हणून नाही म्हणत. ती आता ती शेतावरची मुलगी राहिलेली नाही म्हणून. एका बाईने आपल्या कामाकडे बघून दिलेलं हे उत्तर आहे आणि ते १९१३ च्या सुमारास दिलेलं आहे. मग ती परत येते, किल्ल्या लावते, कामाला लागते. त्या सीनला ढोल नाही, ताशा नाही. मला अजून तो बघताना घशात काहीतरी येतं.

आणि मोझली. मोझलीला बहुतेक लोक हसून सोडून देतात आणि मला ते अजिबात चालत नाही. तो मॅथ्यूचा वॅले. मॅथ्यू शिकलेला, स्वतःचे कपडे स्वतः घालणारा, त्याला वाटतं मोठ्या माणसाने दुसऱ्या मोठ्या माणसाला कोट घालून द्यायचा हे काय काम आहे, आणि तो ते मोझलीच्या तोंडावर बोलतो. त्या वेळी मोझलीचा चेहरा बघा. मग रॉबर्ट मॅथ्यूला समजावतो की एखाद्याच्या रोजीरोटीला असं मोडीत काढणं बरोबर आहे का. आणि पुढे मॅथ्यू एकदा मुद्दाम मोझलीला मदत करू देतो, कफलिंक विचारतो, डाग कसा काढलास म्हणून कौतुक करतो. काय झालं त्या सीनमध्ये? काहीच नाही, एक माणूस दुसऱ्याला बटणं लावू देतो. पण कामाला मान म्हणजे काय हे मला त्या सीनमध्ये जेवढं कळलं तेवढं भाषणांमधून कधी कळलं नाही. मोझलीचे हात पुढे पण बघत राहा. एकदा त्यांना पुरळ येतं आणि मॅथ्यूची आई आयसोबेल, शिकलेली नर्सबाई, चुकीचं निदान करते आणि व्हायलेट एका नजरेत सांगते की बागेतल्या सताप नावाच्या झुडपाची ॲलर्जी आहे. पुढे त्याच्यावर अशी वेळ येते की तेच हात रस्त्याच्या डांबरात जातात. त्याच्या पुढे काय होतं ते मी इथे सांगणार नाही.

जो आवडत नाही त्याच्यासाठी पण वहीत एक पान ठेवा. माझ्यासाठी तो थॉमस होता. पहिल्या सीझनमध्ये वाईन चोरतो, बेट्सला काढून टाकायचे डाव करतो, डेझीला फसवतो, पाहवत नाही. पण त्याच्या पानावर मी सासूबाईंच्या सांगण्यावरून एकच प्रश्न लिहून ठेवला होता, ह्याचं ह्या घरात कोण आहे? आणि प्रत्येक एपिसोडला उत्तर तेच येत होतं. तो समलैंगिक आहे आणि त्या काळात इंग्लंडमध्ये तो गुन्हा होता, पुरुषांसाठी तो कायदा १९६७ पर्यंत राहिला. म्हणजे जेलची भीती घेऊन तो रोज सकाळी कॉलर कडक करतो आणि हसत वाढायला उभा राहतो. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला युद्धात तो खंदकातून लायटर पेटवून हात वर धरतो, गोळी लागावी म्हणून, घरी जाता यावं म्हणून. इथे मी पॉज केलं तेव्हा सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. त्याला माफ करा असं मी म्हणत नाही, तो पुढे पण वाईट वागतो. पण तुमच्या यादीत नावडत्यांमध्ये टाकण्याआधी दुसरा सीझन होऊ द्या, आंधळा झालेला तो सैनिक आणि थॉमस, तो भाग बघा.

वरच्यांमध्ये थॉमससारखीच ईडिथ आहे. मधली मुलगी. मोठी देखणी, धाकटी लाडकी, हिच्याकडे कोणी बघत नाही, आणि पहिल्या सीझनमध्ये ती बहिणीचा सूड म्हणून एक पत्र लिहिते ते फार वाईट आहे. नंतर घरात जखमी अधिकाऱ्यांसाठी विश्रांतीगृह होतं तेव्हा ती त्यांना पत्रं लिहून देते, पुस्तकं आणून देते, आणि एक मोठा जनरल जेवायला येतो तो सगळ्यांसमोर सांगतो की इथल्या अधिकाऱ्यांनी सगळ्यात जास्त नाव कोणाचं घेतलं, तर लेडी ईडिथचं. टेबलाभोवतीचे चेहरे बघा, तिच्या स्वतःच्या घरचे. एका पत्राने ती मनातून उतरते आणि बाकीच्या पत्रांनी परत चढते. तिचं लिहिणं पुढे कुठे जातं ते बघत राहा, तिथेपण वर्षं लक्षात ठेवा कारण १९१८ ला मत मिळालं ते तीस वर्षांवरच्या आणि घरमालमत्तेची अट बसणाऱ्या बायकांनाच, सगळ्या बायकांना पुरुषांसारखं मिळालं ते १९२८ ला. ईडिथ पेपरला पत्र लिहिते ते ह्याच रागातून.

वहीत प्रत्येक एपिसोडनंतर आपल्या दोन माणसांसाठी तीन छोट्या गोष्टी लिहायच्या. आज हातांनी काय केलं, कोणाशी खोटं बोलला किंवा काय लपवलं, आणि कोणासाठी स्वतःचं काय सोडलं. एकेक ओळ बास. एखाद्या एपिसोडमध्ये काहीच सापडणार नाही, रिकामं सोडा. चार-पाच एपिसोडनंतर ही पानं उलटी वाचत जा, तुम्हाला दिसेल की जो माणूस तुम्हाला आवडतो असं वाटत होतं त्याच्या पानावर तिसरी ओळ कायम रिकामी आहे. माझं रॉबर्टच्या बाबतीत असं झालं. भला माणूस आहे, मनाने मोठा आहे, पण बायकोचा पैसा एका रेल्वे कंपनीत बुडवला तेव्हा पण त्याने सोडलं काय? आणि बेट्सच्या पानावर दुसरी ओळ इतकी भरली की माझा जीव रडकुंडीला आला, प्रत्येक गोष्ट लपवून ठेवायची, ॲनापासूनसुद्धा. पुष्कळ लोकांची ही जोडी पहिली आवडती असते, माझी ॲना आहे, बेट्स नाही, आणि त्यावरून आमच्या घरात भांडण आहे.

ज्येष्ठ माणसांबरोबर बघत असाल तर दिवसाला एकच एपिसोड, आणि सगळा संवाद भाषांतर करत बसू नका, थकाल. सीन सुरू होताना एकच वाक्य सांगायचं, ही हिच्याकडे कशासाठी आली आहे. बाकी त्यांना चेहऱ्यावरून कळतं. जेवणाच्या टेबलाचे सीन मात्र म्यूट करून बघायला पण छान आहेत, कोणी खुर्चीला पाठ टेकत नाही, ते त्या लोकांना मुद्दाम शिकवलेलं आहे, ॲलस्टेर ब्रूस नावाचे इतिहासाचे सल्लागार सेटवर असायचे ते ह्यासाठीच. आणि तिसऱ्या सीझनच्या शेवटी नातेवाइकांपैकी एकाची नेमणूक बॉम्बेला होते, तिथे आमच्याकडे उगाच आनंद झाला.

एक गोष्ट मनापासून सांगते, ह्या सिरीजमधले मालक फार प्रेमळ आहेत. खऱ्या वाड्यांमध्ये स्वयंपाकिणीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचा खर्च करून तिला लंडनला पाठवणारे किती असतील मला शंका आहे. म्हणून खालच्यांची पानं भरताना दिवसभराचे तास पण मनात धरा, पहाटे उठणं आणि वरचे झोपल्यावर झोपणं. मग ग्वेनसारखं छोटं कॅरेक्टर मोठं होतं. हाउसमेड आहे, पगारातून टाइपरायटर घेऊन खोलीत लपवलाय, पोस्टाने कोर्स करते, तिला सेक्रेटरी व्हायचंय. ती थोडेच एपिसोड आहे. माझ्या पहिल्या पाचात ती आहे.

आता इथून पुढे फक्त सगळं बघून झालेल्यांसाठी. बाकीच्यांनी थांबा.

दुसऱ्यांदा बघताना वही नवीन घ्या आणि ह्यावेळी शेवटापासून मागे या. ग्वेन सहाव्या सीझनमध्ये लग्न झालेली बाई म्हणून त्याच घरात जेवायला येते, त्याच टेबलावर, आणि सिबिलने तिला नोकरी शोधायला कशी मदत केली ते सांगते, आणि तेव्हा सिबिल जाऊन किती वर्षं झालेली आहेत. ते बघून मग पहिल्या सीझनमधली सिबिल आणि ग्वेनची ती मुलाखतीची फेरी परत बघा. मोझली शाळेत शिकवायला जातो, पहिला तास पार फसतो, पोरं टिंगल करतात, आणि मग तो त्यांना खरं सांगतो की मी नोकर होतो, शिकायला मिळालं नाही, आणि वर्ग गप्प होतो. हे बघून मग कफलिंकचा सीन बघा. मिसेस ह्यूज आणि कार्सनचं तर पहिल्या एपिसोडपासून सगळं परत बघावं लागतं, रात्री तिच्या खोलीत बसून दोघं बोलतात ते सगळे सीन सलग, जत्रेवरून ती परत आल्यावर तो तिला विचारतो तो पण.

आणि थॉमसच्या पानावर हाका मोजा. सुरुवातीला थॉमस. युद्धाच्या काळात घरातलं विश्रांतीगृह सांभाळताना सार्जंट, तो शब्द तो स्वतः मागून घेतो. मग वॅले झाल्यावर बॅरो, खाली मिस्टर बॅरो, आणि छोट्या जॉर्जला पाठीवर घेऊन फिरतो तेव्हा त्या पोराच्या तोंडी पण मिस्टर बॅरो, आणि तिथे तो शब्द पहिल्यांदा प्रेमाने आलेला असतो. ज्या माणसाचं ह्या घरात कोणी नाही असं मी लिहून ठेवलं होतं त्याच पानावर मी ते लिहिलं. मग शेवटचा एपिसोड, १९२५ ची शेवटची रात्र, ईडिथचं लग्न, आणि कार्सनचे हात थरथरतायत, सगळ्या घराला शिस्त लावणारे ते हात, त्यांना बाटली धरवत नाहीये, सगळ्यांना दिसतंय, आणि ओतायचं काम थॉमसकडे येतं. सासूबाईंनी इथे मला पॉज करायला सांगितलं. भाषांतर नको म्हणाल्या. कारभाऱ्याचे हात गेले गं, एवढंच म्हणाल्या आणि मग म्हणाल्या, चालू कर, त्या पोराला वाढू दे.